बाळाला गप्प करणारी बाटली

मैत्रिणींनो (आणि रात्री दोन वाजता बाळाला खांद्यावर टाकून एका हाताने हे वाचणाऱ्या बाबालोकांनो),

आज जरा मोठी पोस्ट आहे. एका बैठकीत वाचून होणार नाही, हे मला माहीत आहे. सेव्ह करा आणि दूध पाजताना थोडी थोडी वाचा.

आमची धाकटी झाली तेव्हा सासूबाई लालबागहून डर्बीला आल्या. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यातली एक अख्खी बाळंतिणीची. डिंकाचे लाडू, अळीव, ओवा, बाळंतशोपा, बाळगुटीची पुरचुंडी, ती उगाळायला दगडी सहाण, काजळाची डबी आणि पायमोज्यांत गुंडाळलेल्या ग्राइपवॉटरच्या चार बाटल्या.

मला हसूच आलं. म्हटलं, "आई, हे तर इथलंच आहे! नॉटिंगहॅम इथून अर्ध्या तासावर. तिथल्याच एका केमिस्टने काढलेलं औषध तुम्ही सात हजार किलोमीटरवरून परत आणलंत." त्याही हसल्या. मग मी आणखी शहाणपणा केला. म्हणाले, "पूर्वी यात दारू असायची. म्हणून पोरं गपगुमान झोपायची."

त्या एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, माझं बोलणं लागलं. संध्याकाळी पोळ्या लाटताना त्या आपणहून बोलल्या. "माझी आजी गिरणीत होती. रीलिंग खात्यात. तिचं पहिलं मूल गोळीने गेलं. अफूची गोळी गं. सगळ्याच बायका द्यायच्या. दिली, कामावर गेली, परत आली तर मूल उठेना. आजीने आयुष्यभर कुणाला सांगितलं नाही. म्हातारपणी फक्त माझ्या आईला सांगितलं."

पोळी तव्यावर करपली. दोघींच्याही लक्षात आलं नाही.

त्यानंतर मी हा विषय वाचत गेले. जे सापडलं ते तुमच्यापर्यंत पोचवावंसं वाटलं. कारण हा इतिहास दमलेल्या आईचा आहे, आणि ती आई आजही आपल्याच घरात आहे.

नॉटिंगहॅम : लेस विणणाऱ्या बायका

ग्राइपवॉटर येण्याआधी नॉटिंगहॅममध्ये काय होतं, ते आधी बघू.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे शहर लेससाठी प्रसिद्ध होतं. लेसचं बरंचसं हातकाम बायका घरी बसून करायच्या. उजाडल्यापासून रात्री मेणबत्तीच्या उजेडापर्यंत. मजुरी नगावर, म्हणजे हात थांबला की पैसे थांबले. मांडीवर मूल घेऊन लेसवर सुई चालत नाही. रडणारं मूल म्हणजे बुडालेली मजुरी.

यावर बाजारात एक उपाय होता, 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचं सरबत. काकवीसारखा गोड पाक, थोडे मसाले आणि अफू. दुकानात पैशा-दोन पैशांना मिळायचं. कामगार वस्तीत अशा औषधांना 'क्वायटनेस' असंही म्हणत. क्वायटनेस म्हणजे शांतता. बायका बाटलीत शांतता विकत घेत होत्या!

१८४३ साली ब्रिटिश सरकारच्या बालकामगार चौकशी आयोगाचा अहवाल आला. त्यात नॉटिंगहॅमच्या लेस कामगार बायकांच्या साक्षी आहेत. मूल काही आठवड्यांचं असतानाच गॉडफ्रे सुरू करायचं आणि वयाबरोबर मात्रा वाढवत न्यायची, असं त्या सांगतात. त्यानंतर दोन वर्षांनी, १८४५ मध्ये, एंगेल्सने इंग्लंडच्या कामगारांवर पुस्तक लिहिलं. त्यातही या बाटलीचा उल्लेख आहे.

ही अफू मुलाला दोन तऱ्हांनी मारायची. एक तऱ्हा पटकन दिसणारी. अफू श्वास मंदावते. बाटली नीट हलवली नाही तर अफू तळाशी बसते, आणि शेवटचे दोन चमचे पहिल्या दोन चमच्यांपेक्षा कितीतरी कडक होतात. दुसरी तऱ्हा सावकाश. अफूने भूक मरते. गुंगीतलं मूल दूध मागत नाही. न मागणाऱ्या मुलाला कामात बुडालेली आई पाजत नाही. मूल वाळत जातं, आणि मृत्यूच्या नोंदीत 'अशक्तपणा' लिहिलं जातं. त्यामुळे अफूने किती मुलं गेली, हे त्या नोंदींतून कधी कळत नाही.

१८५१ : बाळंतशोपा आणि दारू

त्याच शहरात १८५१ च्या सुमाराला विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्याने एक नवं औषध काढलं. पूर्व इंग्लंडच्या दलदलीच्या भागात तेव्हा हिवताप असे. तिथे तापलेल्या मुलांना एक मिश्रण द्यायचे. त्याने पोटही निवतं, असं लक्षात आल्यावर वुडवर्डने त्यावरून आपलं औषध बनवलं.

त्यात होतं काय? खायचा सोडा, साखर, पाणी, शेपूच्या बियांचं तेल आणि अल्कोहोल. शेपूच्या बिया म्हणजे काय, माहितीये ना? बाळंतशोपा! आपल्या आज्या बाळंतिणीला जेवल्यावर चिमूटभर चघळायला देतात त्याच. म्हणजे नॉटिंगहॅमच्या केमिस्टकडे जे होतं, तेच सासूबाईंच्या बॅगेत कागदाच्या पुडीत होतं.

अल्कोहोलचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास होतं, हलक्या बिअरइतकं. पण एक गोष्ट मान्य करायला हवी, या बाटलीत अफू नव्हती. ज्या गावात शेजारच्या दुकानात गॉडफ्रे मिळत होतं, तिथे हे औषध त्या मानाने पुष्कळ बरं. ते इंग्रजांबरोबर भारतात आलं आणि आपल्याकडे असं रुजलं की आज आपल्याला ते आजीच्या बटव्यातलं वाटतं. ब्रिटनमध्ये त्यातलं अल्कोहोल निघायला १९९० नंतरचं दशक उजाडावं लागलं. म्हणजे आपल्यापैकी कित्येकींनी लहानपणी दारूचे थेंब घेतलेले असू शकतात. (आता कळलं ना, ते चाटायला इतकं का आवडायचं!)

अमेरिका : आईच्या हातातलं गोड सरबत

अमेरिकेतल्या मैत्रिणींसाठी हा तुकडा. मेन राज्यातल्या बँगोर गावातून १८४९ साली 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' बाजारात आलं. दात येताना मूल किरकिरतं, त्यावर उपाय म्हणून. लेबलवर प्रेमळ आई आणि गुबगुबीत बाळ. पाककृतींची पुस्तकं आणि कॅलेंडरं फुकट वाटून त्याची जाहिरात व्हायची. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर, कॅलेंडरवर बाळ, बाळाच्या हसण्यामागे मॉर्फिन.

एका औंसात, म्हणजे साधारण सहा चमच्यांत, ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन होतं. आज मोठ्या माणसाला ऑपरेशननंतर एका वेळी जे टोचतात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. १९०६ साली अमेरिकेत 'प्युअर फूड अँड ड्रग ॲक्ट' आला. अफू, मॉर्फिन, अल्कोहोल असेल तर लेबलवर लिहिणं सक्तीचं झालं. आयांना पहिल्यांदा कळलं की आपण काय पाजतोय. १९११ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या पुस्तकात असल्या औषधांना थेट बालघातकी म्हटलं. तरी हे सिरप दुकानांतून पुरतं जायला १९३० उजाडलं.

म्हणजे आईची चूक नव्हती. तिला बाटलीत काय आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं.

गिरणगाव : दहा तासांची गोळी

आता परळ-लालबागला येऊ या. आपली गोष्ट इथे आहे.

१९२० च्या सुमाराला मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये कामगारांत साधारण पाचातली एक बाई होती. बहुतेक कोकणातून, घाटावरून आलेल्या. वाइंडिंग आणि रीलिंग ही मुख्यतः बायकांची खाती. १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने दिवसाला जास्तीत जास्त ११ तास आणि आठवड्याला ६० तास अशी मर्यादा घातली. मर्यादा ११ तास, लक्षात घ्या! चाळीची एक खोली. सासू गावी. घरात फार तर सात-आठ वर्षांची मोठी बहीण किंवा शेजारची म्हातारी. दिवसभर मूल कुणाजवळ?

उत्तर होतं बाळगोळी. अफू घातलेली छोटीशी गोळी. सकाळी भोंग्याच्या आधी मुलाला चाटवायची, मूल दिवसभर पडून राहायचं.

मुंबई सरकारने गिरणीतल्या बाळंतिणींची स्थिती तपासायला डॉ. बार्न्स या बाई डॉक्टरांना नेमलं. त्यांचा अहवाल १९२२ साली आला. त्यात त्यांनी लिहिलं की कामगार बायकांच्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते. शंभरातली अठ्ठ्याण्णव. सासूबाई म्हणाल्या होत्या, "सगळ्याच बायका द्यायच्या." मला ते आजीची बाजू सांभाळण्यासाठी बोललेलं वाक्य वाटलं होतं. हा आकडा वाचला आणि कळलं, ते शब्दशः खरं होतं.

त्याच काळात, १९२१ साली, मुंबईच्या नोंदींत दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त बालमृत्यू दिसतात. हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही, कारण अनेक बायका बाळंतपणाला गावी जायच्या. जन्म गावी नोंदला जायचा आणि मृत्यू मुंबईत. पण ती सूट दिली तरी चित्र भयंकरच राहतं. शिवाय सगळा दोष अफूचाही नाही. एका खोलीत आठ-दहा माणसं, घाण पाणी, अर्धपोटी आई, हे सगळं त्यात आहे.

आणि अफू फक्त मुंबईत होती असंही नाही. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने अफूवर रॉयल कमिशन नेमलं होतं. त्याच्यासमोर देशाच्या वेगवेगळ्या भागांतून साक्षी झाल्या, तान्ह्या मुलांना अफू देतात म्हणून. शेतावर जाणारी आईसुद्धा द्यायची. गिरणीने त्यात भोंग्याची वेळ आणली एवढंच.

बाटली कशी सुटली

माझ्या दृष्टीने या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे.

गिरणीतल्या बायकांना "अफू वाईट असते" असं सांगणारे पुष्कळ होते. पण सांगून काय होणार? रजा घेतली तर पगार नाही, जास्त दिवस गेली तर नोकरी नाही. तिला अफूचे तोटे समजत नव्हते असं नाही. तिच्यासमोर दुसरी वाटच नव्हती.

काही माणसांना मात्र हे उमगलं होतं. मुंबईत लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग माहीत आहे ना? ते ना. म. जोशी. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली, कामगार वस्त्यांत शाळा आणि वाचनालयं चालवली. १९२४ साली त्यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचं आणि भत्त्याचं विधेयक मांडलं. ते पडलं. पुढे मुंबईच्या विधिमंडळात आसवले यांनी तसंच विधेयक आणलं. १९२८ साली त्यावर बोलायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा : बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार खरं तर सरकारने उचलायला हवा, आणि जो मालक तिच्या श्रमावर नफा कमावतो त्यानेही त्यातला वाटा द्यायला हवा.

१९२९ मध्ये मुंबई प्रांताचा मातृत्व लाभ कायदा झाला. भारतातला असा पहिला. बाळंतपणाच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे सुट्टी, आणि दिवसाला आठ आणे. आज ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण तान्ह्या बाळाचे पहिले काही आठवडे आई घरी, आणि चूलही पेटती. हे तोवर कुणा गिरणी कामगारणीला हक्काने मिळालं नव्हतं.

कायदा झाला आणि सगळं गोड झालं, असं नाही हं. पुढच्या दशकांत गिरण्यांमधल्या बायकांची संख्या घटत गेली. बायकांना कामावर ठेवणं महाग पडतं, हे त्यामागचं एक कारण होतं. पाळणाघरांची सक्ती नीट व्हायला १९४८ चा फॅक्टरी कायदा यावा लागला. पण दिशा ठरली. दमलेल्या आईला उपदेशाची नाही, वेळेची आणि हातांची गरज असते, हे कागदावर आलं.

आजीची सहाण

आता तुम्ही विचाराल, मग आपली बाळगुटी? तीही याच माळेतली का?

नाही, पण डोळे मिटून तिचं कौतुकही करू नये. मुरडशेंग, वेखंड, हिरडा, जायफळ, हळकुंड, सुंठ, ज्येष्ठमध, बदाम, खारीक. सहाणेवर आईच्या दुधात एकेकाचे वेढे उगाळायचे. या पद्धतीत एक शहाणपण होतं. मात्रा अगदी थेंबभर जायची आणि उगाळणारी बाई त्याच बाळाला रोज न्याहाळत असायची. शी कशी आहे, पोट फुगलंय का, हे बघून ती वेढे कमी-जास्त करायची. खरं औषध त्या मुळीत किती होतं आणि रोज अर्धा तास बाळाकडे बघणाऱ्या त्या नजरेत किती होतं, कोण जाणे.

पण जायफळ झोपेसाठी घालतात, आणि ते जास्त झालं की विषारी ठरतं. गुटी मधात चाटवणं तर आज नकोच. तान्ह्या मुलांना होणारा बॉट्युलिझम १९७६ साली ओळखू आला, आणि त्याचे जंतू मधातून येऊ शकतात हे नंतर कळलं. आपल्या आज्यांना हे माहीत असणं शक्यच नव्हतं. आपल्याला माहीत आहे. एवढाच फरक.

मग सगळं 'लागू' का पडायचं?

डॉक्टर ब्रेझल्टन यांनी १९६२ साली निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी छापल्या. त्यात दिसलं की रडणं पहिल्या आठवड्यांत वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप उतरतं. संध्याकाळी जास्त. आपण 'दृष्ट लागली', 'पोट धरलं' म्हणतो ती हीच वेळ.

आता बघा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात आई टेकीला येते. कुणीतरी बाटली सुचवते. आठ-दहा आठवडे दिली की रडणं कमी होतं. श्रेय बाटलीला. बाटली शेजारणीकडे जाते. ग्राइपवॉटर, गुटी, दृष्ट काढणं, नवीन महागडे थेंब, सगळे याच उतरंडीवर यशस्वी होत आले आहेत. दिलं नसतं तरी ते रडणं उतरलंच असतं.

एक मात्र तपासून पाहिलेलं आहे. १९८६ साली कॅनडात माँट्रियलला एक अभ्यास झाला. काही आयांना बाळ रडो न रडो, रोज जास्त वेळ अंगावर घ्यायला सांगितलं. सहाव्या आठवड्यात त्यांची बाळं इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडली. (ही साधी, निरोगी बाळं होती. खऱ्या कॉलिकवर याचा असा जादूचा गुण येत नाही.) आपल्या आज्या झोळी बांधून, काखोटीला मारून हेच करत होत्या. पण त्यासाठी हात लागतात. एका बाईचे दोन हात पुरत नाहीत.

आज आपल्या कपाटात काय आहे?

'आपण असं काही करत नाही' असं वाटतंय? मलाही वाटायचं.

विमानात बाळ झोपावं म्हणून ॲलर्जीचं गुंगी आणणारं सिरप 'थोडंसं' देतात, हे आपल्या ग्रुप्समध्ये किती सहज सांगितलं जातं! २००८ साली अमेरिकेच्या एफडीएने बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची दुकानात मिळणारी औषधं देऊ नका. गुंगी आणणारी ॲलर्जीची औषधं त्यात आली. काही मुलं त्याने झोपण्याऐवजी उलट जास्त चिडतात, आणि मात्रा चुकली तर जीवावर बेततं.

दुसरं मेलाटोनिन. ब्रिटनमध्ये ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. अमेरिकेत गोळ्या-चॉकलेटांसारखं दुकानात मिळतं. तिथे मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या विषबाधा केंद्रांकडच्या तक्रारी २०१२ ते २०२१ या काळात सहापटीहून जास्त झाल्या. लेबल बदललं, जाहिरातीतली आई बदलली. झोपेला आसुसलेली आई तीच आहे.

माझंही सांगते. थोरल्याच्या वेळी कुणी येऊ शकलं नव्हतं. नवरा रात्रपाळीला. सकाळी सात वाजता मला कामावर हजर व्हायचं होतं, आणि पोर तीन तास रडत होतं. पहाटे सव्वातीनला मी कपाट उघडून ॲलर्जीच्या सिरपची बाटली हातात धरून उभी होते. झाकण उघडलं होतं. नंतर मी ती सिंकमध्ये ओतली आणि बाळाला पाळण्यात ठेवून दहा मिनिटं जिन्यात बसून रडले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी आजीची गोष्ट सांगितली, त्या रात्री त्यांना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या हातून झालं नाही, कारण तुला दहा मिनिटं होती. माझ्या आजीला नव्हती."

आता कामाचं

• पहिले सहा महिने फक्त आईचं दूध किंवा फॉर्म्युला. गुटी, पाणी, मध काही नाही. मध पूर्ण एक वर्षापर्यंत नाही, बोटभरसुद्धा.
• ग्राइपवॉटर दिलंच तर लेबल वाचून. वय, मात्रा, साखर, अल्कोहोल बघा. गावाहून आलेली जुनी बाटली नको. हेल्थ व्हिजिटरला किंवा बाळाच्या डॉक्टरला विचारा.
• काजळ, सुरमा आणि सुट्टी मिळणारी पारंपरिक चूर्णं यांत शिसं सापडलेलं आहे. काजळाची डबी आठवण म्हणून ठेवा, डोळ्यांत नको. तीट हवीच असेल तर फोटोपुरती आपल्याच कानामागे लावा!
• झोपवण्यासाठी कुठलंही औषध स्वतःच्या मनाने नाही. 'मैत्रिणीच्या मुलाला चाललं' म्हणूनही नाही.
• तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, दूध न घेणं, अंग ढिलं पडणं किंवा नेहमीपेक्षा वेगळंच किंचाळणं असेल, तर थांबू नका. लगेच डॉक्टर.
• असह्य झालं तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार ओढा, दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. रडून बाळाला काही होत नाही. हलवल्याने, आपटल्याने होतं. दहा मिनिटं घेणारी आई वाईट नसते.
• तेलमालीश, अंगाई, झोळीसारखं अंगाला बांधून फिरवणं आणि बाळंतशोपा (तुम्ही खा, बाळाला नको) हे खुशाल चालू ठेवा.
• आजीला "हे सगळं जुनाट आहे" म्हणू नका. तिला बाळ द्या आणि तुम्ही झोपा. बॅगेतल्या सगळ्या वस्तूंपेक्षा तिचे हात जास्त उपयोगाचे.

आणि रजेचं तपासा. ब्रिटनमध्ये ५२ आठवड्यांपर्यंत रजा मिळते, त्यातले ३९ आठवडे पगारी (पूर्ण पगार नव्हे). भारतात २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. यूएईत खासगी नोकरीत ६० दिवस, त्यातले ४५ पूर्ण पगारी. अमेरिकेत केंद्राचा कायदा अजून १२ आठवड्यांच्या बिनपगारी रजेवरच थांबलाय, तीही सगळ्यांना लागू नाही. पण काही राज्यं आणि कंपन्या पगारी रजा देतात, म्हणून एचआरला विचाराच. लाजू नका. परळच्या बायकांसाठी कुणीतरी विधिमंडळात भांडलं होतं, आपल्याला नुसता एक ईमेल लिहायचाय.

सासूबाई परत गेल्या तेव्हा ग्राइपवॉटरच्या साडेतीन बाटल्या उरल्या होत्या. सहाण मात्र मी ठेवून घेतली. आता तिच्यावर चंदन उगाळते.

शेवटी एक विनंती. तुमच्या गावात कुणाची तरी पाचव्या-सहाव्या आठवड्याची बाळंतीण असेल, जिची आई व्हिसामुळे येऊ शकली नाही, किंवा येऊन परत गेली. तिला टिप्स पाठवू नका. ही पोस्टसुद्धा नंतर पाठवा. आधी संध्याकाळी सहा ते आठ तिच्या घरी जा, बाळ खांद्यावर घ्या आणि तिला म्हणा, "जा गं, झोप जा."